अनुभव धागा: तुम्ही कोणत्या क्वार्टरबॅकच्या काळात पॅकर्सचे झालात?

पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बेचा संघ, आणि क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. ग्रीन बे म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातलं जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, संघाचे मालक पाच लाखांहून जास्त भागधारक चाहते. 1992 ते 2022 हक्काचे क्वार्टरबॅक फक्त दोन: ब्रेट फार्व्ह आणि ॲरन रॉजर्स. दुखापतींत मधेमधे इतर खेळले, त्यांच्याही आठवणी येऊ द्यात. आकडेवारी कुठेही मिळेल, तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा.

मॅडिसनहून: मी तेव्हा इथे शिकत होतो. 20 सप्टेंबर 1992, समोर सिनसिनाटी. आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक डॉन मायकोव्स्कीचा घोटा दुखावला आणि फार्व्ह आत आला. चेंडू सारखा हातातून निसटत होता. माझा रूममेट विस्कॉन्सिनचाच, वैतागून स्वयंपाकघरात निघून गेला. 13 सेकंद उरली असताना किट्रिक टेलरला 35 यार्डांचा पास, 24-23! माझी आरोळी ऐकून तो धावत आला, हातात कांदा कापायची सुरी तशीच. पुढच्या रविवारपासून फार्व्ह सलग 297 सामने सुरुवातीपासून खेळला, त्यातले 253 आपल्यासाठी. घोटे, अंगठा, काहीही दुखत असो. हे पुन्हा कुणाला जमेल असं मला वाटत नाही.

मिलवॉकीहून: आमच्या शेजारच्या आजोबांसाठी क्वार्टरबॅक एकच, बार्ट स्टार. 1956 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) थेट सतराव्या फेरीत निवडलेला माणूस, पुढे पाच अजिंक्यपदं. 31 डिसेंबर 1967 ला, उणे 25 अंश सेल्सियसमध्ये, आजोबा अंतिम सामन्याला लॅम्बो फील्डवर, म्हणजे आपल्या घरच्या मैदानात, होते. शेवटची 16 सेकंदं, टाइमआउट संपलेले, आणि स्टारने चेंडू कुणाला न देता स्वतःच मुसंडी मारून सामना जिंकला. ‘पायाची बोटं लागत नव्हती, पण घरी जायचं कुणाच्या मनात नव्हतं,’ असं ते सांगतात. 2015 च्या थँक्सगिव्हिंगला फार्व्हचा निवृत्त केलेला 4 नंबर लॅम्बोवर झळकवला तेव्हा आजारी स्टार भर पावसात मैदानात आले. आजोबा टीव्हीसमोर उठून उभे राहिले, मग आम्हीही.

मिनियापोलिसहून: 2009 ला फार्व्ह इथल्या व्हायकिंग्ज संघाच्या जांभळ्या जर्सीत आला. दोन्ही सामन्यांत त्याने आपल्याला हरवलं. ऑफिसात सगळे खूश, मला मात्र जेवण गेलं नाही. अजून त्या विषयावर बोलवत नाही.

शिकागोहून: बदली क्वार्टरबॅक मॅट फ्लिनला कुणी विसरू नका. 2013 ला रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं. डॅलसमध्ये मध्यंतराला 26-3 असे मागे होतो, फ्लिनने 37-36 जिंकून दिलं. तो सामना नसता तर दोन आठवड्यांनी इथे, शिकागो बेअर्सच्या घरात, चौथ्या डाउनवर (म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) रॉजर्सने रँडल कॉबला 48 यार्डांचा टचडाऊन दिला त्याला अर्थच उरला नसता. बदली खेळाडूंचं ऋण आपण फार लवकर विसरतो.

पुण्याहून: माझा जॉर्डन लव्ह. 2020 ला त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं तेव्हा अर्धे चाहते चिडले होते, रॉजर्सला रिसिव्हर (पास झेलणारा) हवा असताना वारसदार कशाला म्हणून. तो रॉजर्ससारखाच तीन वर्षं बाकावर बसला. 2024 च्या संक्रांतीला पहाटे 3 वाजता डॅलसविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा सामना) लावला. मध्यंतराला 27-7, शेवटी 48-32. आई तिळाच्या वड्या थापायला उठली तोवर सामना आपल्या खिशात होता. क्वार्टरबॅकला पहिल्याच वर्षी आगीत ढकलणाऱ्या संघांनी ही तीन वर्षं जरूर अभ्यासावीत.