मदत हवी आहे: आजी मागण्याआधीच देतात, चित्रकार्ड घरी कसं रुजवायचं?

मूल साडेतीन वर्षांचं, ऑटिझम, बोलत नाही; ऐकण्याची तपासणी नॉर्मल. थेरपी केंद्रात बिस्कीट हवं असलं की त्याच्या चित्राचं कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देतं, घरी नाही. आईबाबा दिवसभर कामावर, सांभाळतात आजी. नातवाने डब्याकडे पाहिलं की लगेच बिस्कीट, मग कार्डाची गरजच उरत नाही.

आजींना वाचता येत नाही. सेशनचा व्हिडिओ दाखवला, तर “भुकेल्या पोराला ताटकळत ठेवायचं?” म्हणाल्या, त्यांचं अगदीच चूक नाही. म्हणून आता जेवणात कार्ड नाहीच. फक्त चहाच्या वेळी, घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, वर वेल्क्रोने एकच कार्ड, बिस्किटाचे चार तुकडे. तरी मुलाने कार्ड द्यावं म्हणून पाच सेकंद थांबणं आजींना जमत नाही. मुलाचा हात मागून धरून त्याला कार्ड द्यायला मदत करणारं दुसरं माणूसही तेव्हा घरात नसतं.

एकट्या आजींकडून हे कसं करून घ्याल?