मुरबाडला शेतावर घोडी ठेवायची आहे, पावसाळा कसा काढावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही राहायला कळव्याला. शेत मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे थोडं आत. तिथे आई-बाबा असतात, दोन गाई आहेत, शेळ्या आहेत, आणि गुरांचं बघायला एक दादा-वहिनी कायमचे राहतात. घोडं मात्र आमच्याकडे कधीच नव्हतं. आता कल्याणकडच्या एका वरातवाल्या काकांची घोडी घेण्याचा विषय निघाला आहे. काका थकले, मुलं नोकरीला लागली, त्यामुळे ही लग्नसराई संपली की ते धंदा बंद करणार. घोडी चांगल्या घरी जावी एवढंच त्यांचं म्हणणं. माझी लेक काही वर्षं घोडेस्वारी शिकते आहे, त्यामुळे घरातून जोर कुठून आहे ते कळलंच असेल.

मी अजून शब्द दिलेला नाही. त्याआधी मला एकच गोष्ट पक्की करायची आहे, ती म्हणजे जून ते सप्टेंबर हे जनावर आमच्याकडे सुखात राहील का. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्याकडे सगळी भातजमीन. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मी लेकीला समजावेन. ज्यांनी कोकणपट्टीत प्रत्यक्ष घोडं पाळलं आहे त्यांची उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

घोडीबद्दल सांगतो. पांढरी, नुकरा म्हणतात तशी, नाकाजवळची कातडी गुलाबी. काका वय नऊ सांगतात. पण वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून खाली उतरणारी खाच निम्म्याच्या थोडी अलीकडेच संपलेली मला दिसली. ही खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते आणि पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते, म्हणजे मी तेरा-चौदा धरतो. वयाचं मला काही नाही, आम्हाला कुठे शर्यत लावायची आहे. काकांनी मानेवरचा देवमणीचा भोवरा (केसांचा, शुभ मानतात तो) आवर्जून दाखवला. त्यांची त्यावर श्रद्धा आहे आणि घोडीवर मायाही खरी आहे. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) लांबून दिसला तरी हिनहिनते.

काळजी वाटली ती खुरांची. पुढचे दोन्ही पाय तिने शहाण्यासारखे उचलून दिले. मागचा उजवा उचलायला गेलं की अंग चोरते, वजन दुसऱ्या पायावर टाकते आणि कान मागे पाडते. काकांच्या मोतद्दाराने (घोडी सांभाळणाऱ्या माणसाने) कसाबसा उचलून धरला, तेव्हा तळव्याच्या मधल्या रबरासारख्या त्रिकोणाच्या कडेला काळपट, चिकट थर होता आणि वास असा की लेक दोन पावलं मागे सरली. घोडी उन्हाळाभर सिमेंटच्या जागेवर, स्वतःच्या मुतात उभी असते. उन्हाळ्यात ही गत, तर आमच्या चिखलात काय होईल? तोंडाच्या कोपऱ्यांत जुने पांढरे वण आहेत, ते काटेरी लगामाचे असणार. त्या लगामाला कायद्याने बंदी आहे, तरी वरातीत सर्रास दिसतो. आमच्याकडे आली तर तो तिच्या तोंडात पुन्हा जाणार नाही, हे मात्र ठरलेलं आहे.

जागेचं असं. गोठ्याच्या शेजारी बारा फूट बाय बारा फुटांची पागा बांधायची, जोतं दीड-दोन फूट उंच, पत्रा उंचावर, नैऋत्येची बाजू पूर्ण बंद, पण वरून हवा खेळती. रात्री दार लावावंच लागतं कारण आमच्या बाजूला बिबट्या येतो. जमीन कशाची करावी यावर बाबांचं आणि माझं एकमत होत नाही. ते म्हणतात कोबा घाल, धुवायला सोपा. मला घसरण्याची भीती वाटते. खडबडीत फरशीवर रबरी मॅट कोणी वापरली आहे का? मॅटखाली ओल साचते का?

चाऱ्याचा प्रश्न त्याहून मोठा. बाबांच्या मते गंजीभर भाताचा पेंढा आहे, मग काळजी कसली. पण गाय रवंथ करते, घोडं करत नाही. त्याचं पोट नाजूक, त्याला उलटीही करता येत नाही, आणि कोरडा, चिवट पेंढाच खात राहिलं तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो असं मला पशुवैद्यांनी सांगितलं. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सात किलोच्या आसपास सुका चारा लागेल, तोही चांगल्या गवताचा. आमच्याकडे माळावरचं गवत दसरा-दिवाळीत कापतात, त्याच्या गंजीत पुढच्या श्रावणापर्यंत बुरशी धरते. बुरशीचं गवत गाईसुद्धा नाक मुरडून खातात, घोडीला ते खोकल्याचं आणि पोटाचं दुखणं देणार. मग पावसाळ्यात तुम्ही काय घालता? रोज ताजं कापलेलं हिरवं गवत, की गच्चीवर साठवलेलं वाळकं? चंदीत (दाण्याच्या खुराकात) काय असतं? काका भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा देतात, पण ती आता वराती करणार नाही, नुसती चरणार. मग हरभरा कमी करायला हवा ना?

आणि माणसाचं काय? दादा गुरांत हुशार, अडलेली गाय सोडवलेली मी स्वतः पाहिली आहे, पण घोड्याच्या मागून जाताना आवाज द्यायचा, हे त्यांना आत्ता कळतं आहे. आम्ही शनिवार-रविवारी जाणार. मंगळवारी रात्री दोनला घोडी पोटाकडे बघत लोळायला लागली तर शेतावर कोण? १९६२ ला फोन लावून फिरतं पथक येतं हे माहीत आहे, गाईच्या वेळी अनुभवही चांगला आहे. पण घोडी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायची म्हणजे भर पावसात दोन-तीन तासांचा रस्ता, तोही टेम्पो मिळाला तर. कल्याण, बदलापूर, कर्जत या पट्ट्यात घोड्यांचं बघणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? आणि दर दीड महिन्याने येऊ शकेल असा नालबंद? शेतावर राहणार तर नाल काढून नुसतं खूर तासत राहिलं तर चालेल का, हेही सांगा. माथेरानला आमच्याहून जास्त पाऊस आणि घोडी शेकड्यांनी. तिकडचे लोक खुरं कशी राखतात हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

आगाऊ धन्यवाद. फोन नंबर वगैरे इथे न टाकता कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

*

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

इतक्या आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार. सगळ्यात आधी, ज्यांनी ग्लँडर्सची चाचणी विचारली त्यांना: नाही, झालेली नव्हती, आणि काकांनाही ती ठाऊक नव्हती. हा रोग घोड्यांकडून माणसाला होतो, लस नाही, आणि जनावर बाधित निघालं तर सरकारी नियमाने त्याला दयामरण द्यावं लागतं. आमच्या घरात लहान मूल आहे. त्यामुळे पशुसंवर्धनच्या डॉक्टरांमार्फत रक्त घेऊन नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे पाठवायचा, आणि अहवाल येईपर्यंत पुढचं काही बोलायचं नाही. सर्रा या रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठीही त्याच वेळी रक्त तपासून घेणार. गोमाश्यांमुळे पावसात तो वाढतो आणि आमच्या गोठ्यात गोमाश्यांची कमी नाही. धनुर्वाताच्या लसीची नोंद काकांकडे नाही, ती घ्यावीच लागेल, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

ज्या ताईंनी पशुखाद्याबद्दल लिहिलं त्यांचे विशेष आभार. गाईंच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला घातक, थोडंसुद्धा जिवावर बेतू शकतं, हे मला माहीत नव्हतं. दादांनी मायेने गाईच्या पिंपातली मूठभर पेंड घोडीपुढे टाकली असती आणि कोणाला कळलंही नसतं. कालच त्यांच्याशी फोनवर बोललो. घोडीची चंदी वेगळ्या, झाकणाच्या पिंपात आणि वेगळ्या खोलीत राहील.

एकटी राहील का, यावर बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. दुसरं घोडं घेणं आम्हाला शक्य नाही. शेळ्यांची सोबत चालते असं तिघा-चौघांनी अनुभवाने लिहिलंय, म्हणून शेळ्यांचा वाडा पागेला लागून घेतो आणि मधली भिंत छातीपर्यंतच ठेवतो, म्हणजे एकमेकांना दिसतील. एवढ्याने भागेल का? दिवसभर हिनहिनत राहणं, दाराला दात लावणं, एकाच जागी डुलणं, असं काही शेळ्यांच्या सोबतीने थांबलेलं कोणी पाहिलं असेल तर जरूर लिहा.

आणि मुख्य मुद्दा. पावसाच्या तोंडावर नवीन जागी आणू नका, दसऱ्यानंतर आणा, हे बहुतेकांनी सांगितलं आणि मला पटलं. तिची सवय बदलणार, चारा बदलणार (तो तर सात-दहा दिवसांत हळूहळूच बदलायचा म्हणता), त्यात चिखल. काकांशी बोललो. चाचण्या नीट आल्या तर पावसाळाभर ती त्यांच्याकडेच राहील, चारा-चंदीचा आणि मोतद्दाराचा खर्च मी देईन, आणि त्या बदल्यात तिची जागा रोज कोरडी ठेवायची, खुरं रोज साफ करायची. ते लगेच तयार झाले. दादा तेवढ्यात दर आठवड्याला एक दिवस कल्याणला जाऊन खरारा करणं (अंग घासून साफ करणं), पाय उचलणं, अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) बांधणं शिकणार आहेत. त्या दिवसाची मजुरी अर्थातच माझ्याकडून. पुढच्या पावसापर्यंत आमच्या हातात आठ महिने राहतील.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. मागच्या उजव्या पायाचं तळवे सडण्याचं दुखणं आत किती गेलंय हे नालबंदाने खूर तासल्याशिवाय कळणार नाही, आणि काकांचा नेहमीचा नालबंद गावी गेलाय. नेरळकडून किंवा महालक्ष्मी रेसकोर्सकडून कोणी कल्याणला येऊ शकत असेल तर व्यनि करा, येण्या-जाण्याचा खर्च देईन. दुसरं म्हणजे गवत. ऑक्टोबरमध्ये कापलेलं गवत पुढच्या सप्टेंबरपर्यंत बुरशीशिवाय टिकवलेलं कोणी असेल, तर गंजी कुठे रचली, खाली काय घातलं, वर काय झाकलं, हे सविस्तर लिहा. गवत साठवायच्या माळ्याचं काम गणपतीनंतर काढणार आहे, त्याआधी कळलं तर तसाच बांधून घेता येईल.