वाड्यातली मंडळी: बंड्याचा कॅन्यनचा बेत

बंड्या: मंडळी, नाना-माई ४ ऑक्टोबरला इकडे अमेरिकेत, सॅन होजेला पोचतायत. जेट लॅग उतरला की पाच दिवस गाडीने फिरवून आणायचा विचार आहे. लास व्हेगासहून सुरुवात. पहिला दिवस युटातलं झायन नॅशनल पार्क. दुसरा युटातलंच ब्राइस कॅन्यन आणि रात्री ॲरिझोनातलं पेज गाव. तिसरा मॉन्युमेंट व्हॅली. चौथा ग्रँड कॅन्यनचे दोन्ही काठ. पाचव्या दिवशी परत. ताई, तू जाऊन आलीयेस, जरा नजर टाक.

ताई: दोन्ही काठ? एका दिवसात? 😂

बंड्या: समोरासमोर तर आहेत. नकाशावर १६ किलोमीटर.

ताई: ते गिधाडाला. गाडीला ३४० च्या आसपास. नदी ओलांडायला थेट मार्बल कॅन्यनच्या पुलावर जायचं आणि पलीकडून परत यायचं. शिवाय उत्तर काठावरचं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. खोड तो काठ.

नाना: वाईतून पाचगणी दिसते पण पसरणीचा घाट चढावाच लागतो, तसं.

ताई: नाना, आपल्याकडे निदान घाट तरी आहे. तिथे तोही नाही.

दादा: मॉन्युमेंट व्हॅलीपण उडव. पेजहून दोन तास जायला, दोन यायला. माईच्या गुडघ्यांचा विचार कर.

बंड्या: अरे, तो सरळ रस्त्यावरचा फोटो काढायचा होता 😐

माई: माझ्या गुडघ्यांवरून भांडू नका. मी येईन कुठेही. जेवायचं काय ते सांगा.

ताई: माई, सांगते. पण आधी बंड्या, वेळेचं ऐक, नाहीतर आमच्यासारखं होईल.

आम्ही मे महिन्यात फिनिक्सहून गेलो होतो. पेजला लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीचं सकाळी ९ चं बुकिंग. तो नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख, त्यांचा गाईड घेतल्याशिवाय आत सोडतच नाहीत, आणि उशीर झाला तर तुमची तुकडी निघून जाते. सकाळी हॉटेलात माझ्या फोनवर ८:१२. म्हटलं संपलं सगळं. सासूबाईंची वेणी अर्धी, उपमा कुकरमध्ये तसाच, आणि मी दारात उभी राहून सगळ्यांवर ओरडतेय. तेवढ्यात ह्यांच्या फोनवर पाहिलं तर ७:१२. एकाच खोलीत, एकाच पलंगावर ठेवलेले दोन फोन! नेटवर पाहायचं तर रेंज नाही. शेवटी सासऱ्यांनी शांतपणे मनगट पुढे केलं. चावीची जुनी एचएमटी, फिनिक्सच्या विमानतळावर उतरल्यावर लावलेली. सात वाजून बारा मिनिटं. मग उपमा बसून खाल्ला.

दादा: पण दोन वेळा का?

ताई: उन्हाळ्यात अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, ॲरिझोना करत नाही. युटा करतं. ॲरिझोनातच नवाहोंचा मोठा मुलूख आहे, ते करतात. त्यांच्या मुलखाच्या पोटात होपी लोक राहतात, ते करत नाहीत! पेज गाव नवाहोंच्या हद्दीबाहेर, म्हणून तिथे ॲरिझोनाची वेळ. अँटिलोपच्या टूरवालेसुद्धा पेजचीच वेळ धरतात. पण सगळं एकमेकांना इतकं चिकटून आहे की फोनला ज्या टॉवरचा सिग्नल मिळेल ती वेळ तो दाखवतो.

बंड्या, तुझं सॅन होजे आणि ॲरिझोना ऑक्टोबरात एकाच वेळेवर असतात. तेव्हा फोनचं आपोआप वेळ बदलणं बंद करून टाक. झायन-ब्राइसला मात्र लक्षात ठेव, तिथे तास पुढे.

नाना: मी माझं घड्याळ आणतो.

आत्या: ती अरुंद घळ म्हणजे आपल्या साम्रदच्या सांदणसारखीच ना? पाऊस असला तर काय करायचं?

ताई: सांदणसारखीच, फक्त लाल-केशरी आणि भिंती लाटांसारख्या गुळगुळीत. पाऊस डोक्यावर पडायलाच हवा असं नाही आत्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांबवर कुठेतरी वादळी पाऊस झाला, घळीत लोंढा आला आणि ११ जण गेले. आता आत कायमच्या लोखंडी शिड्या आहेत आणि आभाळ भरलं की टूर बंद. गाईड नको म्हणाला तर हुज्जत घालायची नाही.

आणि माई, लोअरला त्या शिड्या उतराव्या लागतात. तुम्हाला अप्पर अँटिलोप ही दुसरी घळ बरी, आतून सपाट आहे. बंड्या, अप्परचं बुकिंग कर.

नाना: 🎤 व्हॉइस मेसेज (३:४०)

बंड्या: नाना विचारतायत की झायनचा बोगदा गाडीने बघता येतो का. बांधकाम खात्यातला माणूस, दुसरं काय विचारणार 😀

ताई: येतो की! झायनहून ब्राइसला त्यातूनच जायचं. १.१ मैल लांब, १९३० साली खुला झाला. डोंगराच्या पोटातून कड्याला समांतर नेलाय आणि मधेमधे कड्याच्या बाजूला खिडक्या ठेवल्यात. झर्रकन उजेड येतो आणि जातो. आत थांबू मात्र देत नाहीत, नाना. झायनच्या मुख्य दरीत गाडी न्यायची नाही, त्यांची शटल बस असते, ती फुकट.

दादा: बंड्या, तू ग्रँड कॅन्यनला खाली नदीपर्यंत उतरून ये. नाना-माई वर बसतील.

ताई: दादा, त्याला भरीला घालू नकोस. आपल्याकडे गड आधी चढतो, दमलं की उतार असतो. तिथे आधी उतार, आणि पाय भरून आल्यावर दीड किलोमीटर उंचीची चढण. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन यायचं धाडस करू नका, अशा पाट्याच लावल्यात. आणि विसरू नका, दक्षिण काठच मुळात २१०० मीटरवर. आपली कळसूबाई १६४६. ब्राइस तर त्याहून उंच, रात्री पाणी गोठतं. माई, कानटोपी घ्या.

आत्या: आता मी बोलू का? शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय आणि अजून कुणी खडकाचं नाव काढलं नाही. बंड्या, आईवडिलांना विष्णू दाखव.

बंड्या: कॅन्यनमध्ये विष्णू? 🤔

आत्या: विष्णू, ब्रह्मा, शिव, बुद्ध, झरतुष्ट्रसुद्धा. दरीतली शिखरं आहेत ती. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने तिथे काम केलं, त्याचा अहवाल १८८२ चा. त्याला ती शिखरं पूर्वेकडच्या देवळांसारखी दिसली, म्हणून अशी नावं देण्याची प्रथा पाडली. आणि अगदी तळाचा काळा खडक आहे ना, त्याचं नाव विष्णू शिस्ट. सुमारे १७० कोटी वर्षांचा. काठावरचा पांढुरका चुनखडक २७ कोटींचा. त्या मानाने आपला सह्याद्री कालचं पोर, साडेसहा कोटींच्या घरातला.

ताई: आत्या, दक्षिण काठावर यावापाई संग्रहालयापाशी याचीच वाट आहे! काठाने फरसबंद रस्ता, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. मधेमधे त्या त्या वयाचे खडक मांडलेत, हात लावून बघायचे. सासरे प्रत्येकाला हात लावत गेले. दीड तास.

आत्या: म्हणजे सह्याद्री ६६ मीटरवर. आणि विष्णू १७०० मीटरवर.

माई: सपाट आहे ना वाट? मग मी सह्याद्रीपर्यंत येते. तिथे बाकडं असेल तर बसते, तुम्ही विष्णूपर्यंत जाऊन या.

नाना: मीही बसेन सोबत.

बंड्या: ठरलं. झायन, ब्राइस, पेज दोन रात्री, दक्षिण काठ एक रात्र, परत व्हेगास. उत्तर काठ आणि मॉन्युमेंट व्हॅली रद्द.

माई: ताई, जेवायचं राहिलंच.

ताई: छोटा राइस कुकर, मेतकूट, लोणचं, भाजलेला रवा. वाटेत बर्गर आणि फ्राइजशिवाय फारसं काही धरू नका. आणि बंड्या, टाकी अर्धी झाली की भर. पुढचा पंप लागेल तेव्हा लागेल.

दादा: माई, मेतकूट किती नेताय? इकडे पुण्यातही संपलंय.