नवी विज्ञानकथा, नवी अद्भुतकथा : फूटपट्टी कोणती लावायची?

आडवाट :

गेल्या दोन-तीन वर्षांत इंग्रजीत आलेल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांपैकी आवर्जून वाचाव्यात अशा काहींबद्दल लिहितोय. आपल्याकडे असं पुस्तक कुणाला सुचवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात विज्ञान कितपत आहे?" हा प्रश्न मला पटत नाही. लेखकाने एक अशक्य गोष्ट गृहीत धरली, ठीक आहे. पुढे तिचे सगळे परिणाम त्याने नेटाने शोधले का, की अडचण आली तिथे सोयीस्कर डोळेझाक केली, एवढंच मी बघतो. या कसोटीला उतरलेली दोन पुस्तकं आधी सविस्तर.

पहिलं डॅनिश लेखिका सोल्वाय बॅले यांचं 'ऑन द कॅल्क्युलेशन ऑफ व्हॉल्यूम'. बार्बरा हॅवलँड यांनी केलेला पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. एकूण सात भागांची योजना आहे. टारा सेल्टर ही जुन्या पुस्तकांची व्यापारी. तिच्यासाठी १८ नोव्हेंबर ही तारीख संपतच नाही. रोज सकाळी तोच दिवस, आणि नवऱ्याला आदल्या दिवसाचं काही आठवत नाही. सुरुवातीला ती रोज त्याला सगळं पहिल्यापासून समजावते. पुढे थकते, आणि त्याच घरात त्याच्या नकळत एका खोलीत राहू लागते, त्याच्या पावलांचे आवाज ऐकत.

तोच दिवस पुन्हा पुन्हा येणं ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. बॅले यांनी तिच्यातली एक बारीक गोष्ट पकडली आहे. टाराने दुकानातून आणून खाल्लेली वस्तू दुसऱ्या दिवशी फळीवर परत येत नाही. जग रोज नव्याने सुरू होतं, तिने संपवलेलं मात्र संपलेलंच राहतं. गावातल्या दुकानात तिच्या आवडीच्या वस्तूंच्या जागा रिकाम्या होत जातात, आणि आपण एकटीच हे जग खात सुटलोय हे तिच्या लक्षात येतं. कुठे यंत्र नाही, समीकरण नाही, हे का घडतंय तेही सांगितलेलं नाही. तरीही एका गृहीतकाचा इतका काटेकोर हिशेब मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिलाय.

दुसरं रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचं 'द टेन्टेड कप', २०२४ चं. विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार, २०२५ चा सर्वोत्कृष्ट कादंबरीचा, यालाच मिळाला. साम्राज्य, महाकाय प्राणी, खून, अशी सगळी सामग्री आहे. दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी येतात आणि त्यांना अडवण्यासाठी बांधलेल्या तटबंदीवर साऱ्या राज्याचा जीव अवलंबून असतो. एका गडगंज घराण्याच्या वाड्यात लष्करी अभियंता मेलेला सापडतो, आणि त्याच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. तपासाला येतो डिन कोल. एकदा पाहिलेलं विसरायचं नाही, असा बदल त्याच्या शरीरात करून घेतलेला आहे. यातही नियम आहे. काही लक्षात ठेवताना तो एका कुपीतला वास घेतो, आणि ते नीट आठवायचं असेल तेव्हा तीच कुपी पुन्हा नाकाशी धरतो. त्याची वरिष्ठ ॲना डोलाब्रा बहुतेक वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून असते, कारण फार काही दिसलं की तिच्या डोक्याला ते झेपत नाही.

खुनी कोण, हे रंजक आहेच. मला भिडलं ते दुसरंच. प्राण्यांशी लढणारे वीर या कादंबरीत कडेला आहेत. मध्यभागी आहेत ते भिंत डागडुजीत ठेवणारे अभियंते, नोंदी ठेवणारे, तपासणी करणारे नोकरदार. त्यातल्या एकाने पैसे खाल्ले तर समुद्र आत येतो. दर पावसाळ्यात पुलांची आणि धरणांची काळजी करणाऱ्या आपल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी दोन, थोडक्यात. समँथा हार्वी यांची 'ऑर्बिटल', २०२४ चं बुकर : अवकाशस्थानकावरचे सहा जण, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. आणि रे नेलर यांची 'द टस्क्स ऑफ एक्स्टिंक्शन', २०२५ च्या ह्यूगोत सर्वोत्कृष्ट लघुकादंबरी. ही एका बैठकीत होते.

कुतूहल :

लेख तळमळीने लिहिलाय, पण मूळ मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

"गृहीतक धरलं आणि नियम पाळला" एवढ्यावर भागत असेल तर वेताळपंचविशीही विज्ञानकथा ठरते. तिथेही नियम कडक आहे : राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. मग वेगळं नाव कशाला हवं? मराठीत या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती त्यातल्या विज्ञानामुळे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी वाट रुंद केली. छोट्या गावातल्या वाचनालयात बसून वाचणाऱ्या मुलांना काळ सापेक्ष असतो म्हणजे काय, हे पहिल्यांदा गोष्टीतून कळलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं असं झालंय. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. त्यानंतर वर्षही उलटत नाही तोच आपण "विज्ञान किती ते विचारू नका" म्हणायला लागलो, याचं वाईट वाटतं.

नवंच वाचायचं तर एड्रियन चायकॉव्स्की यांचं २०२५ मध्ये आलेलं 'श्राउड' घ्या. चंद्रासारखा एक उपग्रह, दाट वातावरण, प्रचंड दाब आणि मिट्ट काळोख. तिथे डोळ्यांचा उपयोगच नाही, म्हणून तिथले जीव रेडिओलहरींवर जगतात. त्याच त्यांची नजर, तीच त्यांची भाषा. अपघाताने खाली आलेल्या दोघीजणी एका छोट्या यानात कोंडलेल्या आहेत आणि बाहेर पाऊल टाकणं म्हणजे मरण. मधल्या काही प्रकरणांत त्या परक्या जीवाला या दोघींबद्दल काय वाटतंय ते येतं, आणि त्याचे अंदाज त्याच्या इंद्रियांच्या मर्यादेत किती चोख बसतात ते बघा. लेखकाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केलेला आहे, ते पानोपानी जाणवतं. हे पुस्तक तुमच्या लेखात नाही, यातच सगळं आलं.

आडवाट :

कुतूहलताई, 'श्राउड' उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नारळीकरांचा दाखला तुम्ही दिलात म्हणून विचारतो : 'गंगाधरपंतांचे पानिपत' कुठल्या खणात ठेवाल?

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतात मराठे जिंकलेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली आहे. पंत रेल्वेने मुंबईला येतात तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार. ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे ग्रंथ काढून बसतात, आपला इतिहास नेमका कुठल्या पानावर वेगळा वळला ते शोधायला. पुढे ही गोष्ट इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही आली. तिचा प्राण कशात आहे? एक गोळी तिळभर सरकली तर रेल्वेच्या डब्यापासून मुंबईच्या रस्त्यापर्यंत काय काय बदलेल, या हिशेबात. मी मांडलेली कसोटी तीच आहे, आणि ती नारळीकरांच्याच गोष्टींनी शिकवली आहे.

कुतूहल :

गोष्टीचा शेवट मात्र तुम्ही सांगितला नाहीत. परत आल्यावर गोष्टीतला राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजवादातली (क्वांटम सिद्धांतातली) अनिश्चितता समजावतो. गोळी कुठे जाईल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, मग दोन्ही शक्यता दोन वेगळ्या जगांत प्रत्यक्षात का नसाव्यात, असा तो युक्तिवाद आहे. सरांनी वाचकाला अधांतरी सोडलं नाही. बॅलेबाई टाराचा दिवस का अडकला ते सांगतच नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. फरक आहे तो एवढाच, पण माझ्यासाठी तो फार मोठा आहे. लेखकाने "का?" या प्रश्नाशी झगडलं पाहिजे. उत्तर चुकीचं निघालं तरी चालेल.

खडीसाखर :

मी दोघांच्या मधे पडते. आडवाट यांची कसोटी मला पटते, पण ती एकटी पुरेशी नाही. उदाहरण देते. आर. एफ. क्वांग यांची 'कटॅबसिस' २०२५ मध्ये गाजावाजात आली. केंब्रिजमधली संशोधक ॲलिस लॉ आपल्या मेलेल्या मार्गदर्शकाला परत आणायला नरकात उतरते, कारण त्याच्या शिफारसपत्रावाचून तिचं पुढचं आयुष्य अडलेलं. नरकात जायची किंमत उरलेल्या आयुष्याचा अर्धा भाग. कल्पना झकास, नियम पक्का, जादू तर्कशास्त्रातल्या विरोधाभासांवर चालते, आणि तिथेही सगळा हिशेब चुकता केलेला आहे. तरी मला पुस्तक जड गेलं. ऐन प्रसंगात लेखिका कोडं उलगडून सांगायला थांबते आणि ॲलिसची भीती तेवढ्यात निवून जाते. पीएचडी करणाऱ्या मैत्रिणींना मात्र हे पुस्तक जिव्हारी लागलं. मार्गदर्शकाच्या एका सहीसाठी माणूस किती खाली जातो, ते त्यांना परकं वाटलं नाही.

म्हणजे नियम पाळला का, या प्रश्नाच्या जोडीला माणूस जिवंत उभा राहिला का, हेही विचारायला हवं.

मावळतीचा वारा :

तिघांनाही एक प्रश्न. सगळी चर्चा लंडन-न्यूयॉर्कहून आलेल्या पुस्तकांवर का? आपल्या शेजारी काय लिहिलं जातंय ते बघा.

कोलंबोचे वज्र चंद्रसेकेरा यांची पहिलीच कादंबरी 'द सेन्ट ऑफ ब्राइट डोअर्स' २०२३ मध्ये आली आणि तिने विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार पटकावला. जन्मताच आईने मुलाची सावली ओरबाडून काढली आहे आणि बापाला मारण्यासाठीच त्याला वाढवलं आहे. बाप मोठा धर्मसंस्थापक. बुद्ध आणि त्यांचा मुलगा राहुल यांची कथा उलट्या बाजूने बघितल्यासारखी. मुलगा मोठा होतो, शहरात येतो, आणि ज्यांचं अवतारकार्य हुकलं अशा माणसांच्या आधारगटात जाऊन बसतो. त्या शहरात ओळखपत्रं आहेत, वंशांची वर्गवारी आहे, दंगली आहेत, छावण्या आहेत. श्रीलंकेचा गेल्या काही दशकांचा इतिहास माहीत असलेला वाचक ही पानं सावकाश उलटेल. यात विज्ञान शून्य, कुतूहलताई. पण सत्ता माणसांना कागदांवर कशी वाटून टाकते, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही.

आणि आपल्या बंगळुरूची लावण्या लक्ष्मीनारायण. तिची 'द टेन पर्सेंट थीफ' २०२४ च्या, विज्ञान कादंबऱ्यांसाठीच्या आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. बंगळुरूचं 'एपेक्स सिटी' झालंय. माणसाची उत्पादकता मोजून त्याला वरच्या वीस, मधल्या सत्तर किंवा खालच्या दहा टक्क्यांत टाकलं जातं, आणि खालच्यांची रवानगी कुंपणापलीकडे, जिथे वीज-पाण्याची मारामार. दर प्रकरणात वेगळं पात्र. कामगिरीच्या वार्षिक मूल्यमापनाची ही पद्धत हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ही कादंबरी मराठीत यायला हवी, तीही लवकर.

रानवाट :

मावळतीचा वारा यांच्याशी सहमत, पण अनुवादाने काय साधणार? त्याच २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत बॅले यांचं पुस्तक होतं आणि पुरस्कार मिळाला बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांच्या अनुवादातून. म्हणजे कन्नडमधून लेखन बाहेर गेलं आणि जगाने ते डोक्यावर घेतलं. आपण नेहमी बाहेरचं आत कसं आणायचं, याचीच चर्चा करतो. मराठीत आज नवी विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांत येते आणि फराळाबरोबर संपते. तिचे संग्रह निघत नाहीत, निघाले तर त्यावर कुणी लिहीत नाही. इथे इंग्रजी पुस्तकावर जेवढं बारकाईने लिहिलंय, तेवढं एखाद्या नव्या मराठी कथेवर कुणी लिहिलेलं दाखवा.

आडवाट :

रानवाट, तक्रार रास्त आहे, पण त्यावर उपाय म्हणून बाहेरचं वाचणं कमी करता येणार नाही. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहायचे. 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची. ते वातावरण केंब्रिजहून इकडे आलं म्हणून आपल्याकडे काही उगवलं. नव्या लिहिणाऱ्यालाही आज कुठून तरी खतपाणी मिळायला हवं.

कुतूहलताईंच्या "का?" बद्दल. 'द टस्क्स ऑफ एक्स्टिंक्शन' तुम्ही वाचाच. नामशेष झालेले मॅमथ शास्त्रज्ञांनी पुन्हा जन्माला घातलेत, पण त्यांना मॅमथसारखं जगता येत नाही. हत्तींत कळपातली म्हातारी मादी पाणी कुठे, धोका कुठे, हे पुढच्यांना शिकवते. इथे शिकवणारं कुणी उरलेलंच नाही. म्हणून शिकाऱ्यांनी मारलेल्या एका हत्तीतज्ज्ञ बाईची जतन केलेली जाणीव एका मॅमथ मादीत उतरवतात. जनुकं परत आणली म्हणजे प्राणी परत आला का, हा प्रश्न शास्त्राचाच आहे आणि नेलर त्याला थेट भिडतात.

कुतूहल :

हे मला मान्य आहे. कळपाची शिकवण जनुकांत नसते, ही गोष्ट कथेचा कणा असेल तर ती माझ्याही व्याख्येत चोख बसते. मागवते.

आता तुमच्याच कसोटीबद्दल एक विचारते. तुमच्या लेखात 'ऑर्बिटल' आहे. मी ती वाचली आहे. भाषा सुंदर आहे. फिलिपिन्सकडे सरकणारं वादळ वरून बघताना त्या सहा जणांना येणारी हतबलता खरी आहे. जपानी अंतराळवीर चिएची आई खाली वारते आणि तिला अंत्यसंस्काराला जाता येत नाही, तो भाग वाचताना गलबलून आलं. पण चंद्राकडे निघालेली एक मोहीम सोडली, तर त्यातलं सगळं आज चारशे किलोमीटरवर जसं घडतं तसंच आहे. एका दिवसातले १६ सूर्योदयसुद्धा स्थानकावरच्या माणसांना रोजचेच. मग लेखिकेने अशक्य असं काय गृहीत धरलं, आणि कुठल्या नियमाचे परिणाम शोधले? माझी फूटपट्टी बाजूला ठेवा. तुमच्या फूटपट्टीवर हे पुस्तक कुठे बसतं, तेवढं सांगा.