मदत हवी आहे: भरल्या ट्रॉलीला क्लच घसरतोय

मंडळी, निपाणीकडं आमचा जुना डबल क्लचचा ट्रॅक्टर आहे (एक प्लेट चाकांची, दुसरी पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची). उसाची ट्रॉली चढाला लागली की इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र सरत नाही, जळका वास येतो. पेडलचा फ्री प्ले (मोकळी चाल) इंचभर ठेवून बघितला, फरक नाही. रोटाव्हेटर व्यवस्थित चालतो, म्हणजे पीटीओची प्लेट शाबूत असावी.

खटकतंय ते वेगळंच. क्लचच्या हाउसिंगच्या खालच्या भोकातून काळं, पातळ तेल ठिबकतंय. इंजिनचं तेल अडवणारं क्रँकचं मागचं सील गेलं असेल तर नवी प्लेटही तेलानं भिजणार. ट्रॅक्टर मधून फोडायचाच (इंजिन नि गिअरबॉक्स वेगळं करायचं) आहे, तर सील, प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदलू का? फ्लायव्हीलला (प्लेट टेकते त्या इंजिनच्या जड चाकाला) चरे निघाले तर बेळगावात उद्यमबागेत फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) कोण नीट करून देतं? रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं त्या क्लचच्या फिंगरची उंची गेजनं (मापानं) लावणारा मिस्त्रीही सुचवा. ऊसतोड सुरू आहे, लवकर सांगा.