‘रॅग्नारोक’ (२०१३): एवढं खरं रहस्य हातात असताना साप कशाला?

खापरतुकडा:
काल मुलीबरोबर ‘रॅग्नारोक’ हा नॉर्वेजियन साहसपट पाहिला. चित्रीकरण झकास, पण माझी चिडचिड झाली. नायक सिगुर्ड पुरातत्त्वज्ञ. ओसेबर्ग या व्हायकिंग काळातल्या जहाजावरच्या, रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतल्या ओळीनं त्याला झपाटलंय. पोराबाळांना घेऊन पार उत्तरेला, फिनमार्कला जातो आणि तिथल्या तळ्यातून निघतो महासर्प!

ती ओळ खरी आहे. ‘माणसाला थोडंच कळतं’ असा तिचा अर्थ लावतात. जहाजही खरं. १९०४ साली नॉर्वेतल्या टॉन्सबर्गजवळ शेतातलं एक टेकाड खणलं तेव्हा सापडलं, साडेएकवीस मीटर लांब. इ.स. ८३४ मध्ये त्यात दोन बायकांना पुरलं होतं, एक बरीच म्हातारी आणि दुसरी पन्नाशीची. राणी कोण, दासी कोण, की दोघीही मानाच्या? शंभर वर्षं वाद चाललाय. आणि यांना साप लागतो.

रात्रपाळी:
साप नसता तर तुम्ही पाहिला असता का? खरं सांगा. दीड तास दोन म्हाताऱ्यांच्या हाडांवर चर्चा कोण बघेल?

खापरतुकडा:
मी बघेन. विद्यार्थी असताना तीन आठवडे एका उत्खननावर होतो. रोज उन्हात ब्रश आणि खापरं. इथे सिगुर्डच्या हातात एक रूनशिळा येते आणि लगेच नकाशा तयार.

उत्तरेचा_वारा:
दोघांनाही विरोध. साप काही लेखकाच्या डोक्यातून निघालेला नाही. आइसलंडच्या स्नोरी स्तुर्लुसननं तेराव्या शतकात ‘एड्डा’ हा नॉर्स पुराणकथांचा ग्रंथ लिहिला, त्यात योर्मुंगांद हा महासर्प आहेच. समुद्रात राहून अख्ख्या पृथ्वीला वेढा घालतो, स्वतःचीच शेपटी तोंडात धरून. रॅग्नारोकला, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईत, ‘थोर’ नावाचा गडगडाटाचा देव त्याला मारतो आणि त्याच्या विषानं नऊ पावलांवर स्वतःही कोसळतो. माझा आक्षेप उलटा आहे. चित्रपटात साप फार लहान केलाय. पृथ्वीभर पसरलेला महासर्प तळ्यात मावतो? आपल्या शेषाला आडात ठेवल्यासारखं झालं!

रात्रपाळी:
बजेटमध्ये तळंच बसतं हो.

सह्यपुत्र:
एक गोष्ट कुणीच बोलत नाही. त्याच जहाजात ‘बुद्धाची बादली’ सापडली. मांडी घातलेला माणूस, छातीवर स्वस्तिकं. म्हणजे आपले लोक तिथे पोचले होते. चित्रपट यावर हवा होता.

उत्तरेचा_वारा:
सह्यपुत्र, जरा दमानं. ते नाव नंतर पडलेलं आहे. त्यावरचं मीनाकाम आयर्लंड-ब्रिटनकडच्या धाटणीचं आहे, बादली बहुधा तिकडूनच आली. स्वस्तिक युरोपातही जुनंच. खरा बुद्ध हवा असेल तर स्वीडनच्या हेल्ग्यो बेटावर सापडलेली छोटी कांस्यमूर्ती बघा. ती उपखंडाच्या वायव्येची, साधारण सहाव्या शतकातली मानतात. पण मूर्ती तिथे गेली म्हणजे माणसं गेली असं नाही. व्यापारात वस्तू हातोहात सरकतात.

सह्यपुत्र:
बरं, बादली सोडली. मूर्तीवर चित्रपट काढा.

खापरतुकडा:
थरारच हवा ना? ओसेबर्गच्या कितीतरी लाकडी वस्तू टिकाव्यात म्हणून तेव्हा तुरटीच्या कढत पाण्यात घातल्या. आपली साधी न्हाव्याकडची तुरटी! त्याच तुरटीतून पुढे आम्ल तयार झालं आणि ते लाकूड आतून पोखरतंय. हजार वर्षं मातीत टिकलेलं जतन करायला गेलो, त्यातूनच हे झालं. याहून भयंकर राक्षस कुठला?

रात्रपाळी:
तुरटीवर काढा चित्रपट. पहिलं तिकीट मी घेतो. दुसरं कोण घेणार?

उत्तरेचा_वारा:
दुसरं माझं. खापरतुकडा, मुलीला कसा वाटला ते नाही सांगितलंत.

खापरतुकडा:
तिला आवडला, म्हणूनच टाळत होतो. नंतर मी हौसेनं ओसेबर्ग जहाजाचा फोटो दाखवला. तिचा पहिला प्रश्न, “बाबा, यात साप कुठाय?” आता जहाजाच्या पुढच्या भागाचं टोक म्हणजे वेटोळं घातलेला सापच की. मुकाट्यानं बोट ठेवून दाखवला.