लग्नाशिवाय झालेलं मूल: वडिलांचं नाव आणि भेटीचा हक्क

प्रश्न: दोघंही हिंदू, लग्न झालेलं नाही. जन्मदाखल्यात वडिलांचा रकाना कोरा. आई मुलाला भेटू देत नाही. खाजगी लॅबचा डीएनए रिपोर्ट महापालिकेत चालेल का?

उत्तर १: नाही. आई राजी असेल तर दोघांनी मिळून निबंधकाकडे अर्ज करावा. नसेल तर कोर्टाचा आदेशच लागतो. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात (कलम ६) अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. म्हणून थेट ताबा मागू नका. मूल राहतं तिथल्या कुटुंब न्यायालयात पितृत्वाची घोषणा आणि भेटीच्या वेळा मागा.

उत्तर २: डीएनए चाचणी मागितली की मिळतेच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गौतम कुंडू निकालापासून (१९९३) कोर्ट आधी सबळ कारण बघतं. दवाखान्याचे कागद, पैसे पाठवल्याच्या नोंदी, मेसेज अर्जासोबतच जोडा. जबरदस्तीने रक्त घेता येत नाही, पण नकाराचा विपरीत अर्थ काढता येतो.

मूल झालं तेव्हा आई दुसऱ्याची बायको होती का? मग प्रकरण फार अवघड. साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ नवऱ्यालाच बाप धरतं.

उत्तर ३: पितृत्व ठरलं की पोटगीही आलीच. भेट मिळत नाही म्हणून ती अडवली, तर भेटीचा अर्जच कमकुवत होतो.